कोळंबी न खाणारी मैत्रीण: अलिबाग ते मुरूड, चार दिवस

दिवस पहिला, गुरुवार

मुळात प्लॅन काशीदचा होता. बीचवर पडायचं, मासे हाणायचे आणि रविवारी रात्री डोंबिवलीत परत. पण सासूबाई सोबत येतायत म्हटल्यावर प्लॅन कुणाचा चालतो ते सांगायला नको. आई (मी त्यांना आईच म्हणते) म्हणाल्या, काशीदला वाळूत बसून मी काय करू, मला रेवदंड्याला न्या. त्यांचे वडील पोस्टात होते, १९५८ ते ६३ त्यांची बदली रेवदंड्याला होती, आईंची पहिली ते पाचवी तिथेच झाली. तिथे त्यांची एक मैत्रीण होती, दोन घरं सोडून राहायची, आणि पाचवीत असताना एक दिवस ते अख्खं बिऱ्हाडच बोटीने गेलं.

"कुठे गेलं?"

"इस्रायलला. ते इस्रायलच होते ना."

अठरा वर्षं मी या घरात आहे आणि हे मला आत्ता भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीच्या लायनीत कळतंय. नवऱ्याला पण माहीत नव्हतं. तो म्हणाला, आई, तुझी मैत्रीण ज्यू होती? आई म्हणाल्या, ज्यू वगैरे आम्हाला माहीत नव्हतं रे, आम्ही इस्रायल म्हणायचो, गावात म्हातारे लोक शनिवार तेली म्हणायचे.

तर शनिवार तेली म्हणजे बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावाने ठेवलेलं नाव. त्यांची स्वतःची कथा अशी की साधारण दोन हजार वर्षांपूर्वी नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. पोथ्या बुडाल्या, भाषा हळूहळू गेली, पण शनिवार राहिला, मुलांची सुंता राहिली, 'शमा इस्रायल' ही एक प्रार्थना राहिली आणि कुठले मासे खायचे ते राहिलं. नक्की कधी आले यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण मला ती यादीच फार आवडली, म्हणजे सगळं बुडाल्यावर माणसं काय वाचवतात बघा.

मांडव्याला उतरून अलिबागला पोचलो, होमस्टेमध्ये सामान टाकलं (पाणी नाही, मोटर बिघडलीय, संध्याकाळपर्यंत येईल, ते रात्री साडेनऊला आलं) आणि आधी इस्रायल आळीत गेलो. हो, आळीचं नावच ते आहे. मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, तिथे आहे, मूळचं १८४८ चं, आत्ताची इमारत १९१० ची. हे लोक सिनेगॉगला पूर्वापार मशीद म्हणत आलेत. मुंबईत मांडवीला समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली बांधलेलं यांचं पहिलं सिनेगॉग आहे ना, मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. इतकी वर्षं त्या स्टेशनवरून लोकलने गेलो, कधी डोक्यात पण आलं नाही.

आत एक काका होते, सत्तरीचे असतील. नवऱ्याला डोक्यावर घालायला टोपी दिली आणि आम्हाला सावकाश सगळं दाखवलं. पश्चिमेकडे, म्हणजे जेरुसलेमच्या दिशेने, पडद्यामागे तोराच्या, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या, मधोमध लाकडी कठडा, आणि एका बाजूला एलियाहू हन्नाबीची खुर्ची. एलियाहू हन्नाबी म्हणजे एलिया संदेष्टा, पण इथे त्यांचं महत्त्व जगातल्या बाकी ज्यूंपेक्षा कितीतरी जास्त. इथून जवळच सागावला कातळावर खुणा आहेत, एलियाहू स्वर्गात गेले तेव्हा त्यांच्या रथाची चाकं तिथे टेकली असं ते मानतात, नवस बोलायला जातात, आणि नवस फेडताना मलिदा करतात. मलिदा म्हणजे पोहे, ओलं खोबरं, साखर, सुका मेवा, वर फळं. आई पटकन म्हणाल्या, अहो हे तर आमचे दडपे पोहेच की गोड! काका हसले. "ताई, शेजार दोन हजार वर्षांचा आहे, कुणी कुणाचे पोहे घेतले आता कसं सांगणार."

मग आईंनी विचारलं, तुमच्यात तो एक नव्याचा सण असायचा ना, हलवा करायचे तो? काकांचा चेहराच बदलला. म्हणाले, हे नाव आता आमच्या पोरांना पण माहीत नाही हो. मग ते दोघं बाकावर बसून जुनी नावं आठवत बसले आणि आम्ही दोघं उभे राहून ऐकत. नव्याचा सण म्हणजे वर्षाची सुरुवात, रोश हशाना. दरफळणीचा सण म्हणजे दारं लावून दिवसभर कडक उपास, योम किप्पूर. बिरड्याचा रोजा, त्या दिवशी जेरुसलेमचं देऊळ पडल्याचं सुतक म्हणून उपास आणि सोडताना वालाचं बिरडं. होळीचा सण म्हणजे पुरीम, कारण तो होळीच्याच आसपास येतो. हिब्रू नावं नंतर आली, कोचीनचे आणि बगदादचे ज्यू शिकवायला आले तेव्हा. आधी डेव्हिड राहबी नावाचे एक जण आले होते म्हणे, त्यांनी यांना ज्यू म्हणून ओळखलं ते मासळीवरून. बायकांसमोर सगळ्या प्रकारचे मासे ठेवले आणि करायला सांगितलं, तर त्यांनी पर आणि खवले असलेले तेवढेच उचलले, बाकीचे बाजूला. मग राहबींनी झिराड, राजपुरी आणि शापूर या गावांच्या तीन घरांतल्या माणसांना शिकवून काझी, म्हणजे धर्माचं काम बघणारे, केलं, झिराडकर, राजपूरकर, शापूरकर.

आडनावं बघा. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर, वाकरूळकर, अष्टमकर. जुन्या हिंदी सिनेमातले डेव्हिड आठवतात? बूट पॉलिश मधले जॉनचाचा? पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचे. आज इस्रायलमधल्या अश्दोद नाहीतर दिमोना मध्ये जन्मलेल्या पोराचं आडनाव पेणकर असू शकतं आणि त्याने पेण बघितलेलं नसतं. यावर मी फार भावुक होणार तेवढ्यात आठवलं की आमचं पण आडनाव 'कर' मध्येच संपतं, ते गाव राजापूर तालुक्यात आहे आणि माझ्या नवऱ्याने ते आजवर एकदाही बघितलेलं नाही.

जाता जाता काकांनी अलिबागचं नाव पण सांगितलं. अली नावाच्या एका श्रीमंत माणसाच्या बागा आणि विहिरी इथे होत्या, म्हणून अलीची बाग. हा अली आमचा, इस्रायल, असं काका म्हणाले. संध्याकाळी पाण्याची बाटली घेतली त्या दुकानातले चाचा म्हणाले, अली आमचा. मी दोघांना पण मान हलवली.

दिवस दुसरा, शुक्रवार

सकाळी नवगाव. अलिबागच्या उत्तरेला थोडंसंच अंतर, पण मॅपने आम्हाला एका बंगल्याच्या गेटवर नेऊन सोडलं. त्या बाजूला आता सगळे बंगलेच बंगले, मुंबईच्या मोठ्या लोकांचे, उंच भिंती, सीसीटीव्ही. गेटवरचा नेपाळी दादा स्वच्छ मराठीत म्हणाला, ते इस्रायलांचं कब्रस्तान ना, मागे वळा, उजवीकडे घ्या. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी किनाऱ्याला लागलेल्या लोकांचा पत्ता आम्हाला पाच वर्षांपूर्वी आलेल्या माणसाने सांगितला.

तिथे स्मारकाचा खांब आहे, आणि गलबत फुटून मेलेल्यांना ज्यात पुरलं असं मानतात ते उंचवटे. गवत, शांतता, लांबून समुद्राचा आवाज. आई चप्पल काढून उभ्या राहिल्या. आपल्याकडे करतात तसं.

परत येऊन दक्षिणेकडे चौल-रेवदंडा, अलिबागपासून सतरा किलोमीटर. रस्ता म्हणजे दोन्ही बाजूला नारळ-सुपारीच्या वाड्या, एक बाई गाडी आली तरी रस्त्यावर वाळत घातलेली सुपारी हलवत नाही, बरोबर आहे, रस्ता त्यांचा आहे.

चौल बघून कुणालाही वाटणार नाही की हे एके काळी जगाला माहीत असलेलं बंदर होतं. अल-मसुदी हा बगदादचा माणूस ९१६ च्या सुमाराला इथे आला, तेव्हा या गावाचं नाव सैमूर, राज्य शिलाहारांच्या झंझ राजाचं. त्याने लिहून ठेवलंय की इथे दहाएक हजार मुसलमान राहतात, सिराफ, ओमान, बसरा, बगदादकडून आलेले, आणि इथेच लग्नं करून इथेच जन्मलेल्यांना वेगळं नाव पण होतं, बयासिरा. आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमलेला. हे शिवाजी महाराजांच्या सातशे वर्षं आधीचं. मी शाळेत इतिहास शिकले त्यात मुसलमान आले ते घोड्यावरून, उत्तरेकडून, तलवार घेऊन. कोकणात ते होडीतून खजूर आणि घोडे घेऊन आले, भाव करत बसले आणि राहिले, हे कुणी सांगितलंच नाही.

रेवदंड्यात शाळेच्या आवारात एक रशियन स्मारक आहे हे ऐकून नवऱ्याला वाटलं मी गंमत करतेय. अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी, १४६९ च्या आसपास चौलला उतरला, वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. सोबत एक घोडा, विकायला आणलेला. जुन्नरला तिथल्या खानाने घोडा काढून घेतला आणि म्हणाला धर्म बदल तर देतो, मग एका खुरासानी माणसाने मध्यस्थी करून सोडवला, शेवटी तो घोडा विकला कुठे तर बीदरला. घरी पोचलाच नाही बिचारा, वाटेत गेला. त्याच्या वहीत रशियनमध्ये मध्येच तुर्की, फारसी, अरबी प्रार्थना येतात, आणि माझा धर्म माझ्याकडून राहिला का सुटला हा घोर त्याला शेवटपर्यंत होता. एकट्या आलेल्या माणसाचं असं होत असणार, सात जोडपी एकत्र आली असती तर त्याचं पण वेगळं झालं असतं.

रेवदंड्याचा किल्ला पोर्तुगीजांचा, तटाच्या आत सगळ्या सुपारीच्या वाड्या, मधून पडक्या चर्चच्या भिंती डोकावतात, आणि सातखणी मनोरा. पण आईंना मनोऱ्यात इंटरेस्ट नव्हता. त्यांना घर शोधायचं होतं.

आधी सिनेगॉग सापडलं, बेथ एल, १८४२ चं, कुलूप होतं. "इथून आमचं घर दिसायचं," आई म्हणाल्या आणि गोल फिरून बघायला लागल्या. साठ वर्षांत गल्ली बदलणारच ना. तिसऱ्या फेरीला एका घरापाशी थांबल्या, उंच ओटा, उतरती कौलं, पण बाजूला नवीन सिमेंटचं बाथरूम. ओट्यावर लुंग्या, बनियन वाळत होत्या. आतून एक पोरगा बाहेर आला, वीस-बावीसचा, हात पिठाने भरलेले. झारखंडचा. बोटीवर खलाशी आहे, सात जण मिळून राहतात, भाडं नाखवा भरतो. आजकाल या पट्ट्यातल्या कितीतरी बोटींवर तांडेल इथला आणि खलाशी उत्तर प्रदेश, झारखंड, नेपाळचे असं चाललंय, इथल्या पोरांना कंपनीत नोकरी हवी, दर्यात जायला कुणी तयार नाही.

आई हिंदीत म्हणाल्या (आईंचं हिंदी म्हणजे मराठीला 'है' लावायचं), "यहां मेरी मैत्रीण रहती थी, अंदर देखूं क्या?" त्याने काही विचारलं नाही, बाजूला झाला. आत काळोख, गॅसची शेगडी, सात पथाऱ्या, भिंतीवर बजरंगबली. मागे विहीर आणि तिच्या कडेला एक जुना गोल दगड, मध्ये खोलगट, त्यात साबणाचं पाणी. आई त्या दगडाकडे बघत राहिल्या. घाणा तेव्हाच बंद पडला होता, मैत्रिणीचे वडील मुंबईला नोकरीला होते, पण दगड मागे पडलेला असायचा आणि या दोघी त्यात भातुकली खेळायच्या. हाच तो का, सांगता येत नाही. नंतर गाडीत म्हणाल्या, शेजारचं पण असेल घर, विहीर जरा डावीकडे होती असं वाटतं.

पोरगा म्हणाला जून-जुलै मासेमारी बंद असते तेव्हा आम्ही गावी जातो, तेव्हा घर रिकामं असतं, तेव्हा या, नीट बघा.

बाहेर रिक्षावाल्या दादांनी विचारलं, काय शोधताय? आम्ही सांगितलं. ते म्हणाले, आता काय राहिलं नाही, सगळे बाहेरचे भरलेत. आई म्हणाल्या, अहो आम्ही पण बाहेरचेच होतो, सातारचे. त्यावर ते म्हणाले, तसं नव्हे हो, तुम्ही आपले. आपले कधीपासून, हा प्रश्न माझ्या अगदी ओठावर होता.

रात्री खानावळीत कोळंबीची थाळी आली तेव्हा आई बोलायला लागल्या. मैत्रिणीकडे कोळंबी कधीच नसायची, चिंबोरी नाही, तिसऱ्या नाहीत. मला वाटायचं हिला आवडत नसेल. एकदा मी आमच्या डब्यातली दिली तर तिने वास घेतला आणि परत दिली, म्हणाली छान आहे, पण आमच्यात नाही. आणि मटणाच्या दिवशी दही नाही, दूध नाही, सगळं नारळाच्या दुधात. तेव्हा मला वाटायचं असते एकेकाची पद्धत, आमच्याकडे नाही का चातुर्मासात कांदा-लसूण नसायचा.

मी विचारलं, मग गेले का ते? कुणी त्रास दिला? नाही गं, आई म्हणाल्या, कोण त्रास देणार, सगळे गेले म्हणून तेही गेले.

आणि खरंच तसंच दिसतं. १९४८ ला इस्रायल झालं तेव्हा बेने इस्रायल वीस हजारांच्या वर होते, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक गेले. कुणी हाकललं नाही. इंग्रज गेल्यावर रेल्वे, पोस्ट, लष्करातल्या नोकऱ्यांचं काय ही धास्ती थोडी, आणि पिढ्यानपिढ्या ज्या जेरुसलेमकडे तोंड करून प्रार्थना केली ते बोलावतंय ही ओढ मोठी. तिकडे पोचल्यावर काय, तर दिमोनाचं वाळवंट, कारखाना, आणि काळे म्हणून बोलणी. काही जण तर तेल अवीवला धरणं धरून १९५२ साली परत आले. १९६० नंतर तिथल्या धर्मगुरूंनी यांच्या लग्नांना आडकाठी घातली, यांचे पूर्वज पक्के ज्यू होते का तपासा म्हणून. मोर्चे, उपोषणं झाली, शेवटी १९६४ ला त्यांच्या संसदेने ठराव केला की हे पूर्ण ज्यू आहेत. विचार करा, दोन हजार वर्षं कोकणात कुणी विचारलं नाही, आणि घरी गेल्यावर विचारलं.

पण लगेच गळा काढायला नको, कारण यांच्यात स्वतःतच गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल होते. आई-वडील दोघं इस्रायल ते गोरे, बाहेरच्या बाईपासून झालेले ते काळे, लग्नसंबंध नाहीत. आपल्याकडे राहून आपल्याकडूनच हे पण शिकले की! 'दुधात साखर' वगैरे म्हणताना आपण हे सोयीने विसरतो, साखरेबरोबर दुधातलं सगळंच येतं.

तिकडे गेलेल्यांनी मराठी मात्र बराच काळ धरून ठेवली. मायबोली नावाचं मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघायचं.

दिवस तिसरा, शनिवार

मुरूड-जंजिरा. रेवदंड्याचा पूल ओलांडला, कोर्लई उद्यासाठी ठेवलं, काशीदला फक्त चहा (नवऱ्याने समुद्राकडे असं बघितलं की मला वाईट वाटलं) आणि सरळ राजपुरी. शनिवार असल्यामुळे मुंबई-पुणे सगळं तिथेच. शिडाच्या होडीत चढताना आईंना दोन जणांनी अक्षरशः उचललं.

जंजिरा हा शब्दच अरबी, जझीरा म्हणजे बेट. आधी इथे कोळ्यांचा मेढेकोट होता, राम पाटील नावाच्या कोळ्याचा, तो निजामशाहीच्या पिरमखानाने दारूची पिंपं आहेत असं सांगून आत माणसं शिरवून घेतला ही गोष्ट प्रत्येक होडीवाला सांगतो, आमचा होडीवाला कोळी असल्यामुळे जरा जास्त मनापासून सांगत होता. मग सिद्दी. सिद्दी म्हणजे हबशी, इथिओपिया आणि पूर्व आफ्रिकेकडचे, काही खलाशी, काही शिपाई, पण पुष्कळ जण गुलाम म्हणून विकले गेलेले. मलिक अंबर त्यातलाच, लहानपणी विकला गेला, हात बदलत बदलत अहमदनगरला पोचला आणि अख्खी निजामशाही चालवायला लागला, खडकी वसवली, मोगलांना दमवलं, शहाजीराजांसारखे सरदार त्याच्या फौजेत वावरले.

दरवाजावर पंजांमध्ये हत्ती पकडलेला वाघासारखा प्राणी कोरलाय. गाईड म्हणाला, हा किल्ला कुणाला मिळाला नाही. महाराजांना नाही, संभाजीराजांना नाही, इंग्रज, पोर्तुगीज कुणालाच नाही. हे सांगताना त्याचा आवाज अभिमानाचा होता आणि ऐकणाऱ्यांपैकी भगवी टोपी घातलेल्या एका ग्रुपला हसावं का रागवावं कळेना. मला पण कळलं नाही खरं तर. लहानपणापासून सिद्दी म्हणजे शत्रू, नावाच्या आधी 'क्रूर' लागायचंच, आणि किनाऱ्यावरच्या गावांवर त्यांनी धाडी घातल्या, माणसं धरून नेली हे काही खोटं नाही. पण जे लोक बेड्यांतून आले त्यांचे वारस जवळजवळ सव्वातीनशे वर्षं या कातळावर राज्य करतात, १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत, ही पण गोष्ट आहे, आणि ती कुणी आपल्या बाजूची म्हणून सांगत नाही.

आत कलालबांगडी तोफेवर चढून फोटो काढायला रांग. मी तिथून निघून गोड्या पाण्याच्या तलावाच्या कडेला बसले. सगळीकडून खारं पाणी आणि मध्ये हे गोडं. स्वातंत्र्यानंतरपर्यंत इथे वस्ती होती, घरं होती, मग लोक राजपुरी-मुरूडला उतरले. आता चौथरे तेवढे.

नवऱ्याने गाईडला विचारलं, सिद्दी लोक आता कुठे दिसतील? गाईड म्हणाला, दिसायला काय दिसणार साहेब, चारशे वर्षं इथल्याच मुलींशी लग्नं केली, माझी आजी सिद्दी घराण्यातली, माझ्याकडे बघून कळतंय का? नाही कळत. तो अस्सल कोकणी मुसलमान दिसत होता, म्हणजे थोडक्यात आमच्या शेजारच्या सोसायटीतल्या खोतांसारखा.

मुरूडला रात्री माहेरच्या पद्धतीने पिठलं-भात मागितला आईंनी. दोन दिवस मासे बास.

दिवस चौथा, रविवार

हा दिवस मी आधी काही धरलाच नव्हता, परतीचा म्हणून, आणि हाच सगळ्यात भारी निघाला. सकाळी लवकर निघून कोर्लईला थांबलो, म्हटलं किल्ला चढू. पण चर्चची घंटा वाजत होती, माउंट कार्मेल माउलीचं चर्च, रविवारची मिस्सा. बाहेर उभं राहून ऐकलं तर प्रार्थना चक्क मराठीत, 'हे आमच्या स्वर्गातील बापा' पासून सगळं. मिस्सा सुटली आणि लोक बाहेर आले, आणि बोलायला लागले, आणि ते मराठी नव्हतं. कोकणी पण नाही.

ही भाषा जगात फक्त या एका गावात बोलतात. ते तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. बोलणारे जेमतेम हजारभर. १५२० नंतर पोर्तुगीज चौलला बसले, त्यांचे शिपाई, त्यांच्या इथल्या बायका, नव्याने ख्रिस्ती झालेली इथली माणसं, यांच्यात जी कामचलाऊ पोर्तुगीज तयार झाली तीच. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात दिलं आणि गेले. साहेब गेले, त्यांची भाषा राहिली, का तर आजूबाजूचे हिंदू यांच्याशी सोयरीक करणार नाहीत, दुसरे ख्रिस्ती जवळपास नाहीत, त्यामुळे एकाच आळीत अडीच-पावणेतीनशे वर्षं आपापसात बोलत राहिले. म्हणजे भाषा प्रेमाने टिकली असं नाही, कोंडल्यामुळे पण टिकली, हे लक्षात ठेवलेलं बरं.

अमेरिकेतले क्लॅन्सी क्लेमेंट्स म्हणून भाषातज्ज्ञ आहेत, त्यांनी या भाषेवर वर्षानुवर्षं काम केलंय. त्यांचं एक निरीक्षण मला फार आवडलं होतं, की शब्द पोर्तुगीज राहिले पण वाक्य मराठी झालं. पोर्तुगीजमध्ये क्रियापद मध्ये येतं, यांच्यात आपल्यासारखं शेवटी गेलं. ते वाचलेलं डोक्यात होतं म्हणून मी एका मावशींना चर्चच्या पायऱ्यांवर बोलतं केलं. त्या म्हणाल्या, आम्हाला काही वेगळं वाटत नाही, घरात ही, बाजारात मराठी. नातवंडं मराठी शाळेत जातात, आता काही इंग्लिश मिडियमला, कळतं त्यांना सगळं पण उत्तर मराठीतून देतात.

"मग रागावता का?"

"कशाला रागावू? मी पण भांडताना मराठीतच भांडते. या भाषेत शिव्या कमी पडतात."

आई इतक्या हसल्या की त्यांना बसायला लागलं. मग मावशींनी त्यांनाच उलट विचारलं, तुम्ही कोण, कुठल्या? आणि आईंनी सगळी गोष्ट सांगितली, पोस्ट, रेवदंडा, मैत्रीण, बोट. मावशी म्हणाल्या, इस्रायल ना, माहीत आहेत की, माझे वडील सांगायचे. शनिवारी त्यांच्याकडे काही विकायला गेलं तर पैसे देत नसत, रविवारी आम्ही जात नसू, म्हणून मग सोमवारपर्यंत उधारी.

इथे मला आपल्या पोर्तुगीज शब्दांचं आठवलं. पाव, बटाटा, कोबी, चावी, बादली, घमेलं, पिंप, पगार, लिलाव, तुरुंग, मेस्त्री. किल्ला चढताना नवरा आणि मी एकेक मोजत होतो. शिव्या त्यांनी आपल्याकडून घेतल्या आणि पगार, लिलाव आणि तुरुंग आपण त्यांच्याकडून, व्यवहार बरोबर आहे. वरून एका बाजूला कुंडलिकेची खाडी, पलीकडे रेवदंडा, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. बोटी परत येत होत्या. त्यातल्या एखादीवर तो पीठ मळणारा पोरगा असेल म्हणून मी उगाच हात केला.

परतीला मांडव्याला दोन तास लाइन, सगळी मुंबई एकदम घरी निघालेली. आईंनी जेट्टीवरच नवऱ्याच्या मोबाइलवरून अलिबागच्या त्या काकांना फोन लावला (नंबर कधी घेतला होता देव जाणे) आणि मैत्रिणीच्या वडिलांचं नाव, आडनाव, कुठल्या साली गेले, सगळं लिहून घ्यायला सांगितलं. काका म्हणाले तिकडे विचारून बघतो, आमचे लोक एकमेकांना ओळखतात, पण ताई, लग्न झालं असेल, आडनाव बदललं असेल. मग बराच वेळ हलव्याची रेसिपी चालली.

त्याला आता तीन आठवडे झाले. तिकडून अजून काही निरोप नाही. मागच्या रविवारी आईंनी हलवा करायला घेतला. चीकचा हलवा, गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून, कुरडयांना काढतो तसा, त्यात नारळाचं दूध आणि साखर, आणि ढवळत राहायचं. काका म्हणाले होते हल्ली लोक सरळ चायना ग्रास घालतात, पटकन सेट होतो, तर आई म्हणाल्या मैत्रिणीच्या आईने कधी घातलं नव्हतं. दीड तास ढवळलं, आळीपाळीने, माझा खांदा गेला. ताटात थापला, गुलाबी रंग पण घातला, वर बदामाचे काप. संध्याकाळी वड्या पाडायला गेलो तर सुरी काढली की परत जुळून येत होता. आई म्हणाल्या, चीक पातळ राहिला, पुढच्या वेळी चार दिवस भिजवू. मग वाट्यांमध्ये घालून चमच्याने खाल्ला.